पेटी-फोनो किरटा वाजतो तेव्हा

(जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीविषयी वाचकांचे प्रश्न. या वेळी बहुतेक पत्रं फोनोचीच, म्हणजे ग्रामोफोनचीच आली, म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत.)

प्रश्न : आजीचा एचएमव्हीचा प्रवासी फोनो आमच्याकडे आहे. काळ्या कापडाची पेटी, आत किल्ली अडकवायची जागा, झाकणात तबकड्या ठेवायची सोय. एका जाणकारांनी हे मॉडेल 102 असल्याचं सांगितलं. किल्ली बसते, चकती फिरते, पण आवाज किरटा येतो. तान वर गेली की चरचरतं आणि गाणं संपत आलं की सूर खाली येतो. आजी म्हणते, ‘पूर्वी अख्खी गल्ली ऐकायची.’ घरात हिराबाई बडोदेकर, बालगंधर्व यांच्या तबकड्या आहेत. एकजण म्हणाले, साऊंडबॉक्स, म्हणजे सुई बसते ती गोल डबी, उघडून आतला थरथरणारा पडदा बदला. दुसरे म्हणाले, आत छोटा स्पीकर बसवून घ्या. ताई, नेमकं काय करावं? (एक वाचक, मिरज)

उत्तर : स्पीकरवाल्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा. पडदा बदलायला सांगणाऱ्यांचं अगदीच चुकलेलं नाही, पण ती पायरी सगळ्यात शेवटची. तुमच्या पत्रात सुईबद्दल एक अक्षर नाही, त्यामुळे माझा पहिला संशय तिच्यावर.

सुई दर बाजूला नवी लावायची. दर तबकडीला नव्हे, दर बाजूला. हे सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे संशयाने बघतो, ही बाई सुया विकते की काय म्हणून. पण कारण साधं आहे. जुनी तबकडी चपडा लाखेची, आणि त्या लाखेत दगडाची बारीक पूड मुद्दाम घातलेली असते. सुईचं टोक पहिल्या काही फेऱ्यांतच त्या पुडीवर घासून खाचेच्या आकाराचं होतं आणि नीट बसतं. बाजू संपेपर्यंत मात्र त्याच टोकाला दोन्ही अंगांनी सपाट पैलू पडलेले असतात. घड्याळजीचं भिंग असेल तर नवी आणि वापरलेली सुई शेजारी शेजारी धरून बघा. नवीचं टोक गोल आणि एकसारखं चमकतं. वापरलेलीवर दोन छोटे आरसे दिसतात, आणि त्या आरशांची कड धारदार असते. हीच सुई दुसऱ्या तबकडीवर ठेवली की ती कड खाच खरवडत जाते. त्यात साऊंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्याही वर. आजच्या एलपीच्या सुईवर दोन ग्रॅमच्या आसपास असतो. तेव्हा ‘एवढ्याशा सुईने काय होणार’ असं म्हणू नका.

पोलादी सुया आजही नव्या मिळतात, स्वस्त मिळतात. आजीच्या डब्यातल्या गंजलेल्या सुया शोभेसाठी ठेवा, लावू नका. जाड सुई मोठा आवाज देते, बारीक सुई हळू वाजते आणि तबकडीवर जरा दया करते. घरात ऐकायला मधली घ्या. सुई भोकात शेवटपर्यंत आत गेली पाहिजे आणि स्क्रू बोटांनीच घट्ट करायचा. पकड लावून पिळणारे लोक मी पाहिले आहेत, मग तुटलेला स्क्रू कागदात बांधून आणतात. तबकडीवर टेकवल्यावर सुई बाजूने बघितली तर साधारण साठ अंशांत तिरपी असावी, समोरून बघितली तर डावी-उजवीकडे कलता कामा नये.

तुमची निम्मी चरचर इथेच जाईल. उरलेली यंत्राची आहे की तबकडीची, ते आधी ठरवा. उजेडात तबकडी तिरपी धरा. खाचा काळ्या कुळकुळीत दिसल्या तर ठीक. जिथे आवाज मोठा आहे तिथे राखाडी पट्टा दिसला, तर ती झीज आहे. मागच्या पिढीने एकच सुई महिनाभर वापरल्याची ती खूण. त्यावर इलाज नाही. एकाच तबकडीवर, एकाच जागी चरचरत असेल तर फोनोला हात लावू नका.

आता वेग. सूर शेवटी खाली येतो याची दोन कारणं असू शकतात, आणि पहिलं कारण किल्ली अर्धीच भरणं. 102 मध्ये स्प्रिंग एकच असते. दर बाजूला पूर्ण किल्ली भरा, हाताला घट्ट लागेपर्यंत. त्यापुढे मात्र एकही वेढा नको. पूर्ण भरूनही सूर उतरला, किंवा मधेच आतून ‘ढब्’ असा धक्का ऐकू आला, तर स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस वाळून चिकट झालंय. वेढे एकमेकांना चिकटतात आणि एकदम सुटतात, तो त्याचा आवाज. हा डबा घरी उघडायचा नाही. कोणी यूट्यूबवर उघडून दाखवला असेल तरी नाही. गुंडाळलेली पोलादी पट्टी सुटली तर बोटं जातात. हे काम अनुभवी माणसाकडून करून घ्या आणि नवं ग्रीस ग्रॅफाइटचं घालायला सांगा.

तुम्ही घरी करण्यासारखं काम म्हणजे गव्हर्नरला तेल. किल्ली पूर्ण उतरू द्या, चकती वर ओढून काढा, मोटरच्या फळीचे स्क्रू सोडवून फळी उचला. एका आडव्या दांड्यावर तीन छोटी वजनं पट्ट्यांना लावलेली दिसतील. तो गव्हर्नर. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात, त्यांच्याबरोबर एक पितळी तबकडी सरकते आणि ती एका गादीला घासली की वेग आवरला जातो. ही गादी चामड्याची किंवा नमद्याची असते आणि बहुतेक पेट्यांत ती वाळून ठणठणीत झालेली असते. तिला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक, आणि दांड्यावरच्या पेचाच्या दातांना जरा ग्रीस. खोबरेल तेल घालू नका. ते हिवाळ्यात गोठतं आणि पुढे चिकट होतं. माझ्या टेबलावर येणाऱ्या दर चार पेट्यांतल्या एकीला तरी खोबऱ्याचा वास असतो.

मग फेऱ्या मोजा. लेबलखाली कागदाचा कपटा ठेवून त्याचं टोक बाहेर काढा, सुई तबकडीच्या बाहेरच्या कडेला टेकवा आणि वीस सेकंदांत कपटा किती वेळा समोरून जातो ते बघा. 26 हवेत, म्हणजे मिनिटाला 78. सुई न टेकवता मोजू नका, कारण भार आल्यावरच मोटरचं खरं रूप कळतं. स्ट्रोबची छापील चकती (वेग बरोबर असला की दिव्याखाली जिच्या रेघा थांबल्यासारख्या दिसतात ती) वापरणार असाल तर आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेसाठी 77 रेघांची घ्या आणि जुन्या लोखंडी चोकच्या ट्यूबलाइटखाली ठेवा. बऱ्याच एलईडी दिव्यांत रेघा थांबतच नाहीत आणि माणूस उगाच वेगाचा लिव्हर फिरवत बसतो.

तंबोऱ्यांच्या गावच्या, मिरजेच्या माणसाला वेगाचं महत्त्व मी काय सांगावं! 78 ऐवजी साडेचार फेऱ्या कमी झाल्या की सबंध गाणं अर्ध्या स्वराने उतरतं. हार्मोनियमच्या काळी चार पट्टीत गायलेलं पांढरी पाचमध्ये ऐकाल आणि गायिकेचा आवाज ‘जाड’ वाटतो म्हणून पडद्याला दोष द्याल. एक पुस्ती जोडते. 1925 च्या आधीच्या, म्हणजे माइकशिवाय कर्ण्यात गाऊन भरलेल्या बऱ्याच तबकड्या नेमक्या 78 च्या नसतात. तिथे लिव्हर आणि आपला कान.

तिसरी गोष्ट गळती. फोनोत वीज नाही, ॲम्प्लिफायर नाही. पडदा हवा हलवतो, ती हवा टोनआर्ममधून, म्हणजे साऊंडबॉक्स धरणाऱ्या पोकळ नळीतून, पेटीतल्या दुमडलेल्या कर्ण्यात जाते आणि मागच्या तोंडातून झाकणावर आपटून बाहेर येते. या वाटेत कुठेही फट राहिली की पहिल्यांदा खालचे सूर जातात आणि उरतो तो किरटेपणा. तुमच्या पत्रातला शब्द वाचूनच मला फटीची शंका आली.

साऊंडबॉक्सच्या मागे, जिथे तो टोनआर्मच्या मानेवर चढतो, तिथे रबराची कडी असते. नवी असताना ती लवचिक होती. आता नख मारलं तर ‘टक्’ वाजते. साऊंडबॉक्स दोन बोटांत धरून हलवा. खुळखुळला तर कडी गेली. नवी सिलिकॉनची कडी सुट्या भागांच्या व्यापाऱ्याकडे मिळते, आणि साऊंडबॉक्समध्ये याहून जास्त फरक पाडणारी स्वस्त वस्तू मला माहीत नाही. टोनआर्म तळाशी जिथे फिरतो तिथे जाडसर ग्रीस द्या. ते सांधा सैलही ठेवतं आणि हवाही अडवतं. फळी उचललेलीच आहे तर कर्णा वर जिथे जोडलाय तिथले स्क्रू चाचपून बघा. तिथली गॅस्केट चुरली असेल तर पातळ नमद्याची कापून घाला.

आणि खडखड! अर्ध्या वेळा ती गाण्यातली नसतेच. किल्ली क्लिपमध्ये सैल असते, कोपऱ्यातल्या वाटीत सुया नाचत असतात, झाकणाचा कडी-कोयंडा थरथरतो. फोनो वाजत असताना एकेका वस्तूवर बोट दाबत जा. जिथे दाबल्यावर खडखड थांबते तिथे नमद्याचा तुकडा.

एवढं झाल्यावर साऊंडबॉक्स. मोटर बंद ठेवा, सुई लावा आणि टोकावर बोटाचं पेर हळूच फिरवा. झाकणाकडून स्वच्छ, कोरडा ‘टक टक’ आला तर साऊंडबॉक्स जिवंत आहे. घुसमटलेला ‘थप थप’ आला तर पडद्याच्या कडेच्या रबरी कड्या दगड झाल्या आहेत. तुमच्या 102 वर बहुधा 5ए किंवा 5बी साऊंडबॉक्स असेल, क्रमांक त्यावरच असतो. पडदा अल्युमिनियमचा, शरीर जस्ताच्या मिश्रधातूचं. ही धातू वयाबरोबर फुगते, तिला भेगा जातात, आणि स्क्रू सोडवायला गेलं की तुकडा हातात येतो. शिवाय सुईचा दांडा आत बारीक छऱ्यांवर तोललेला असतो. तो सुटला आणि छरे फरशीवर गेले की पुढचा रविवार झाडूबरोबर. म्हणून 5ए, 5बी घरी उघडू नका. त्याला चांगला, तपासलेला दुसरा साऊंडबॉक्स मिळवणं किंवा जाणत्याकडे देणं, हेच दोन मार्ग. तेलही घालू नका. लोक घालतात, तेल पडद्यावर उतरतं आणि धूळ धरतं.

आता आजीचं म्हणणं. गल्ली ऐकायची, कारण तेव्हा गल्लीत दुसरा आवाज नव्हता. प्रवासी पेटीत कर्णा जेमतेम मावतो. तबल्याचा बायाँ, ऑर्गनचे खर्जाचे सूर त्यातून भरून येणार नाहीत, कितीही सुधारणा करा. एक युक्ती मात्र करा. फोनो भक्कम लाकडी टेबलावर, खोलीच्या कोपऱ्यात ठेवा आणि झाकण पूर्ण उघडा. दोन भिंती कर्ण्याचं काम थोडं पुढे नेतात, आणि खालचे सूर कानाला जाणवण्याइतके वाढतात. गादीवर, सतरंजीवर ठेवू नका.

शेवटचं, आणि हे मी जरा रागानेच लिहिते. फोनो दुरुस्त होतो, घासलेली तबकडी होत नाही. तुमच्याकडे बालगंधर्वांची स्वच्छ, काळी कुळकुळीत तबकडी असेल तर ती या पेटीवर वाजवू नका. हलक्या पिकअपवर, 78 साठी असलेल्या जाड सुईने एकदा तिची डिजिटल प्रत करून घ्या. ही सुई साधारण 75 मायक्रॉनची असते, एलपीची त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही बारीक. एलपीची सुई 78 च्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन धूळ वाजवते. पेटीवर लावायला अशा तबकड्या ठेवा ज्यांच्या दोन-चार प्रती बाजारात सहज सापडतात. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात हिंडलात तर ढीगभर मिळतील.

प्रश्न : माझ्याकडे स्विस बनावटीचा छोटा पेटी-फोनो आहे. साऊंडबॉक्समध्ये अभ्रकाचा पारदर्शक पडदा दिसतो. आवाज बसलेला आहे. हा तरी घरी उघडता येईल का? (बेळगाव)

उत्तर : हा येईल, हात स्थिर असेल आणि घाई नसेल तर. आधी फोटो काढा. पांढऱ्या टॉवेलवर काम करा, म्हणजे स्क्रू दिसतो. पडद्याच्या मध्यभागी सुईच्या दांड्याचं टोक एका बारीक स्क्रूने धरलेलं असतं. त्यावरचं जुनं मेण काढून स्क्रू अलगद सोडवा. मग मागचं झाकण, मग कड्या, मग अभ्रक. अभ्रकाचे थर सुटले असतील, आत पांढरे ढग दिसत असतील, तर पडदा नवा लागेल. नुसती कड टवकली असेल तर चालतं.

जुन्या रबरी कड्या चाकूने खरवडून काढाव्या लागतात. नव्यांसाठी माझे वडील सायकलची व्हॉल्व्हट्यूब वापरत. परिघाएवढी कापायची, दोन्ही टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत, पण एकावर एक चढता कामा नयेत. पडद्याच्या पुढे एक कडी, मागे एक. झाकणाचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने घट्ट करा आणि पडदा धरला गेला की थांबा. आवळलात तर पुन्हा तोच बसका आवाज.

खरी मेख यानंतर. दांड्याचं टोक पडद्याच्या मध्यावर आपोआप टेकलं पाहिजे. स्क्रू लावताना ते पडद्याला आत ढकलत असेल किंवा बाहेर ओढत असेल, तर पडदा कायम ताणात राहतो आणि आवाज दबतो. दांड्याच्या दोन्ही बाजूंचे छोटे स्क्रू, स्प्रिंगा असतील त्या, कणाकणाने फिरवून ही मधली जागा शोधायची असते. तंबोऱ्याची जवारी काढणारा दोरा सरकवतो तसं, कान लावून. जमलं की मध्यावर मधमाशीच्या मेणाचा एक थेंब, म्हणजे भोकातून हवा जात नाही. फेव्हिक्विक नाही. कृपा करून नाही.

अभ्रकाच्या साऊंडबॉक्सवर 1925 पूर्वीची गाणी छान खुलतात. त्यानंतरच्या, माइकवर भरलेल्या तबकड्या त्यावर थोड्या कर्कश वाटतील. तो तुमच्या दुरुस्तीचा दोष नव्हे.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे तबकड्यांवर पांढरी बुरशी येते आणि फोनो खरखरतो. स्पिरिटने पुसलं तर चालेल का? (मडगाव)

उत्तर : अजिबात नाही. सुतार पॉलिश करताना चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतो. तेच तुमच्या तबकडीचं होईल. सॅनिटायझर, कोलनवॉटर, चष्म्याचा स्प्रे, ज्यात ज्यात अल्कोहोल आहे ते सगळं बाद. डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एखादा थेंब टाका, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन सावलीत उभी करून वाळवा. उन्हात ठेवली तर वाकते. आणि गोव्यात असाल तर जून ते सप्टेंबर पेटीचं झाकण आठवड्यातून एकदा तासभर उघडं ठेवा, नाहीतर स्प्रिंगला गंज धरेल.

प्रश्न : पोलादी सुईऐवजी बाभळीचा काटा लावतात असं ऐकलं. खरं का? (सोलापूर)

उत्तर : लावतात, आणि मी स्वतः लावते. पूर्ण वाळलेला, सरळ काटा घ्या, मागचं टोक सुईच्या जाडीइतकं तासा आणि टोक बारीक पॉलिशपेपरवर फिरवून टोकदार करा. आवाज हळू आणि गोड येतो, खरखर कमी होते. पण चांगल्या तबकडीवरच. झिजलेल्या खाचेत काटा अर्ध्या गाण्यात मोडतो, आणि ऑर्केस्ट्रा जोरात आला तरी मोडतो. बांबूची तिकोनी सुई मिळाली तर तिला तिकोनी भोक लागतं, ते तुमच्या साऊंडबॉक्सला आहे का आधी बघा.

प्रश्न : नातवाने आमच्या जुन्या फोनोवर त्याची नवी एलपी लावली. एकदा वाजवली तर बिघडते का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : हो. एकदाच पुरते. फोनोचं काही बिघडलं नाही, एलपी नवी आणा.

प्रश्न : मोठ्या पितळी कर्ण्याचा ‘अँटिक’ फोनो विकत घेतला. कुत्र्याचं चित्रही आहे. दिसतो देखणा, पण आवाज डब्यातून आल्यासारखा. काय बदलू? (नागपूर)

उत्तर : तुमचा फोनो बहुधा तुमच्या लग्नानंतर जन्मला आहे. अशा पेट्या आपल्याच देशात जोडल्या जातात. कर्णा नवा, लाकूड नवं, कुत्रा नवा, आणि मोटर मात्र कुठल्यातरी खऱ्या प्रवासी फोनोमधून उपटलेली. वर मिरजेच्या वाचकाकडे आहे तशाच पेट्या यासाठी फोडल्या जातात, याचं मला जास्त वाईट वाटतं. आवाज वाईट येतो कारण टोनआर्मचं माप मोटरशी जुळत नाही, सुई खाचेत वाकडी बसते, आणि साऊंडबॉक्सचा पडदा पातळ पत्र्याचा असतो. एखादा जुना, बरा साऊंडबॉक्स मिळाला तर तो लावून बघा, मानेला रबर गुंडाळून फट बुजवा. थोडा फरक पडेल. त्यावर आणखी पैसे घालू नका. मोटर एचएमव्हीची निघाली तर मला कळवा. रिकामी प्रवासी पेटी माझ्याकडे एक पडून आहे.